एवेलिओमास्तरांची गाडी तपासणीला जाते

तपासणी केंद्रातल्या यंत्राने एवेलिओमास्तरांच्या मोटरसायकलीत सहा दोष काढले आणि मास्तरांनी ते सहाच्या सहा स्वतःला लावून घेतले. हे जरा चमत्कारिक वाटेल. पण ज्याने एकवीस वर्षं एकच गाडी वापरली आहे त्याला विचारून पाहा. 'मागचा टायर गुळगुळीत' हे वाचल्यावर मास्तरांचा हात नकळत टोपीखाली गेला. 'हॉर्नचा आवाज अपुरा' हे वाक्य तर, ते शाळेत भूगोल शिकवत असताना, एकूण चार हेडमास्तरांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं होतं. उजवा इंडिकेटर बंद, ब्रेकचा दिवा बंद, सायलेन्सरला भोक. शेवटी 'हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी आकाशाकडे.'

"हे त्यांनी गाडी न बघताही सांगितलं असतं," रुबिएला म्हणाली. रुबिएला म्हणजे मास्तरांची बायको. ती स्वयंपाकघरात तव्यावरच्या अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, उलटत होती आणि मास्तर तिला अहवाल वाचून दाखवत होते. अहवाल वाचताना चष्मा काढून पुसायची त्यांना तीनदा गरज पडली.

"पण मी वही नेली होती," मास्तर म्हणाले.

या वहीबद्दल सांगायला हवं. गाडी घेतली त्या दिवसापासून मास्तरांनी तिच्या विश्वासार्हतेची एक वही ठेवली होती. कुठे बंद पडली, समुद्रसपाटीपासून किती मीटरवर, हवा कशी होती, किती किका मारल्या. एकवीस वर्षांत गाडी वाटेत त्रेचाळीस वेळा थांबली होती. त्यांतल्या एकोणचाळीस वेळा ती चढावर थांबली होती. त्यावरून दोष डोंगराचा आहे, असा निष्कर्ष मास्तरांनी बाराव्या वर्षीच काढला होता. हा सगळा पुरावा त्यांनी तपासणी केंद्राच्या काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या मुलाने वहीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे वही त्यांच्याकडे सरकवली. तो उद्धटपणे बोलला असता तर मास्तरांना इतकं लागलं नसतं.

नियम असा होता की नापास गाडीला पंधरा दिवसांत एकदा फुकट फेरतपासणी मिळते. एरवी मास्तरांनी पंधरा दिवस विचार करण्यात घालवले असते. पण त्या पंधरा दिवसांच्या टोकाला सोळा जुलै येत होती.

सोळा जुलैला कार्मेनमातेचा सण. ती सगळ्या ड्रायव्हरांची आई. त्या दिवशी अग्वालिंपिया गावातल्या ट्रक, बस, जीप, मोटरसायकली फुगे आणि पताका लावून हॉर्न वाजवत डोंगरावरच्या चर्चपर्यंत मिरवणुकीने जातात आणि पाद्री प्रत्येक बॉनेटवर पाणी शिंपडतात. प्रत्येक गल्ली आपापली मूर्ती नेते. मास्तरांच्या गल्लीची मूर्ती हातभर उंचीची, लाकडी. आणि ती गेली एकोणीस वर्षं रुबिएला नेत होती, मास्तरांच्या मोटरसायकलीवर मागे बसून, दोन्ही हातांनी छातीशी धरून. गावात रुबिएलाला कुणी 'मास्तरांची बायको' म्हणत नसे, मास्तरांनाच 'ती कार्मेनमाता नेते ना, तिचा नवरा' म्हणत. मास्तरांना त्याचा फार अभिमान होता.

आणि या वर्षी वाहतूक कचेरीने कर्ण्यावरून जाहीर केलं होतं : ज्या गाडीकडे तपासणीचा दाखला नाही, तिला मिरवणुकीत जागा नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे आर्तेमियो कुंपणाशी आले. आर्तेमियोंनी नुकतीच राखाडी रंगाची मोठी मोटार घेतली होती. ते माणूस म्हणून चांगले होते, हीच अडचण होती. वाईट असते तर मास्तरांना त्यांचा राग करता आला असता.

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका," आर्तेमियो म्हणाले. "माझी गाडी आहेच की. वहिनी मागे बसतील, मूर्ती मांडीवर. एसी आहे. काच बंद केली की धूळ नाही, हॉर्नचा त्रास नाही."

"आभारी आहे," मास्तर म्हणाले.

"सीट चामड्याची आहे."

"हो का."

"वहिनींना विचारा. इतकी वर्षं बिचाऱ्या..." एवढं बोलून आर्तेमियो थांबले. हे 'बिचाऱ्या' मास्तरांच्या मनात दिवसभर कुसळासारखं रुतून बसलं. जेवताना त्यांनी रुबिएलाला विचारलं, "तू बिचारी आहेस का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

"आर्तेमियो म्हणाला असेल. वरण घ्या."

बोलणं तिथेच संपलं. पण मास्तरांनी ठरवलं : गाडी पास झालीच पाहिजे.

* * *

गल्लीच्या तोंडाशी ओर्फिलियाबाईंचं किराण्याचं दुकान. तिथे साबणापासून मेणबत्तीपर्यंत सगळं मिळतं आणि सल्ला न मागता मिळतो. मास्तर तिथे काडेपेटी घ्यायला गेले आणि अहवाल ओर्फिलियाबाईंच्या हातात गेला. कसा गेला ते मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. दहा मिनिटांत तो दुकानातल्या सगळ्यांनी वाचला होता. एकाने त्यावर काळ्या कॉफीचा गोल डागही पाडला.

"एका तज्ज्ञाला बोलवा," ओर्फिलियाबाई म्हणाल्या आणि त्यांनीच दारातून हाक मारली, "विल्मार!"

विल्मार गल्लीतला मेकॅनिक. त्याच्या अंगावर इतकं ऑइल असे की तो गंजण्याची शक्यता नव्हती. त्याने अहवाल लांब धरून वाचला आणि मान हलवली. डॉक्टर अशी मान हलवतात तेव्हा नातेवाईक रडू लागतात.

"टायर नवा घ्यायचा तर तुमच्या मापाचा टायर खालच्या गावात नाही. शहरातून मागवायला महिना लागेल. पण मास्तर, घाबरताय कशाला? माझ्याकडे परीक्षेचा टायर आहे."

परीक्षेचा टायर विल्मारच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला असे, वर जुना टॉवेल पांघरून. तो कधी रस्ता पाहत नसे. तपासणीच्या दिवशी तो ज्याला गरज असेल त्याच्या गाडीला लागे, चाळीस मिनिटांचा उतार उतरून खालच्या गावी जाई, पास होई आणि संध्याकाळी परत खिळ्यावर येई.

"आणि बाकीचं?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"सायलेन्सर माझ्या गाडीचा काढू. इंडिकेटर आणि मागचा दिवा बाईंच्या डिलिव्हरीच्या गाडीचा."

"न्या की," ओर्फिलियाबाई म्हणाल्या. "हॉर्न माझ्या भावाच्या दुधाच्या ट्रकचा न्या. हेडलाइट फादरांच्या मोटरसायकलीचा. मी मागते. मला नाही म्हणायची त्यांची छाती नाही, शंभर मेणबत्त्या उधार आहेत."

मास्तर ओशाळून उभे राहिले. "पण हे... म्हणजे मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, दुसऱ्याच्या पेपरात बघू नका..."

"मास्तर," ओर्फिलियाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बिशप शाळा बघायला आले तेव्हा तुमच्या शाळेने माझ्या दुकानातल्या खुर्च्या नेल्या होत्या की नाही?"

"नेल्या होत्या."

"त्यांतल्या एकीवर बिशप बसले. पडले का?"

"नाही."

"मग?"

मास्तर काडेपेटी न घेताच घरी आले. पुढचे काही दिवस त्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीशी वाद घातला. बुद्धी तशी वादाला कच्ची नव्हती, पण तिला मिरवणुकीत मूर्ती न्यायची नव्हती.

* * *

चौदा तारखेच्या दुपारी सगळे भाग जमले. फादरांनी हेडलाइटसोबत निरोप पाठवला होता : "दिवा देतो. झोत कुठे पडतो याची जबाबदारी तुमची." आर्तेमियोंनीसुद्धा कुंपणावरून एक मऊ पिवळं फडकं दिलं, म्हणाले, "माझ्या गाडीचं आहे, याने ओरखडा पडत नाही." विल्मारने पाच तास काम केलं. शेवटी गाडी उभी राहिली तेव्हा ती ओळखू येईना. इंडिकेटर पिवळा असायचा तो नारिंगी होता, सायलेन्सर एक वीत लांब होता आणि पुढे फादरांच्या गाडीचा मोठा वाटोळा दिवा असा रोखून बघत होता की मास्तरांना आपली चुकलेली रविवारची प्रार्थना आठवली.

"हॉर्नला करंट कमी पडत होता," विल्मार हात पुसत म्हणाला. "म्हणून दुसऱ्या वायरीतून घेतला. काही काळजी करू नका."

अनुभवी माणसाने हे वाक्य ऐकून काळजी केली असती.

पंधरा तारखेच्या सकाळी गल्लीत एकच मोटरसायकल चालू स्थितीत होती, ती मास्तरांची. विल्मारची सायलेन्सरविना, ओर्फिलियाबाईंची दिव्याविना, दुधाचा ट्रक हॉर्नविना. दूधवाला दारोदार टाळ्या वाजवत दूध घालत होता. आणि मास्तर किक मारणार इतक्यात रुबिएला बाहेर आली, डोक्यावर हेल्मेट, छातीशी गल्लीची मूर्ती.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. काम हिचं आहे, हिला यायला नको?"

"पण मूर्ती सणाआधी हलवायची..."

"ओर्फिलियाबाईंना विचारलंय. चला."

पहिल्या वळणावर मास्तरांनी ब्रेक दाबला आणि दुधाचा ट्रक किंचाळला. निदान मास्तरांना तसं वाटलं; ते कडेला झाले, मागे पाहिलं, ट्रक नव्हता. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं की विल्मारने हॉर्नला करंट ब्रेकच्या दिव्याच्या वायरीतून दिला आहे. ब्रेक दाबला की हॉर्न. आणि खालच्या गावापर्यंत उतार होता, वळणं एकशे चौदा.

मास्तरांसारख्या माणसाची याहून मोठी विटंबना होणार नाही. शाळेतसुद्धा ते घंटा वाजवायची पाळी दुसऱ्याला देत. आता प्रत्येक वळणावर त्यांच्या हातून अख्खा डोंगर दणाणत होता. ब्रेक न दाबावा तर दरी.

"अहो, लोक बाहेर येतायत," रुबिएला कानाशी ओरडली.

येणारच. जुलैचा महिना, मोटरसायकलीवर कार्मेनमाता, आणि एकसारखा हॉर्न! घराघरांतून माणसं धावत अंगणात येऊन छातीवर क्रूस काढू लागली. एका आजीबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप तसंच काखेत धरून हात जोडले. कुणीतरी ओरडलं, "अरे, मिरवणूक आज आहे?" आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, "निघाली सुद्धा!" कॉफीच्या मळ्यातून एक मोटरसायकल निघून मास्तरांच्या मागे लागली. मग दुसरी. मागच्यांना वाटलं, पुढचा हॉर्न वाजवतोय तर आपणही वाजवावा.

"त्यांना सांग, उद्या आहे म्हणून!" मास्तर ओरडले.

"सांगितलं! ते म्हणतात, आमेन!"

तपासणी केंद्राच्या फाटकातून मास्तर आत शिरले तेव्हा त्यांच्या मागे अकरा मोटरसायकली होत्या. फाटकावरची पाटी वाचताच त्या अकराजणांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी एकाकडेही दाखला नाही. ते आले त्याहून दुप्पट वेगाने आणि एकही हॉर्न न वाजवता परत गेले.

* * *

त्या दिवशी तपासणीला यामिले नावाच्या इंजिनियरबाई होत्या. वय तिशीच्या आत, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कंटाळ्याचा लवलेश नाही. दुसऱ्या दिवशी सण म्हणून केंद्र बाराला बंद होणार होतं. साडेदहा वाजले होते.

यंत्रांनी आपापली कामं केली. सायलेन्सर पास. झोत पास. इंडिकेटर पास. यामिलेबाईंनी ब्रेक दाबला आणि केंद्रातली चार माणसं दचकून उभी राहिली. त्यांनी पुन्हा दाबला, शांतपणे, कान पुढे करून.

"ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो," त्या म्हणाल्या.

"हो," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

"हा दोष नियमांत नाही. असं कुणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांना सुचलं नाही." त्यांनी एक वायर काढून दुसरीकडे जोडली आणि मागच्या चाकाशी बसल्या. बराच वेळ बसल्या. मग टायरवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय रे, पुन्हा आलास?"

मास्तर एक पाऊल मागे सरकले.

"याला मी ओळखते," यामिलेबाई म्हणाल्या. "हा इथे कडेला ओरखडा आहे, पाचच्या आकड्यासारखा दिसतो. जूनमध्ये तीनदा आला होता. एकदा निळ्या मोटरसायकलीवर, दोनदा..."

"तो माझा नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "टायर विल्मारचा आहे. सायलेन्सरही त्याचाच. दिवा ओर्फिलियाबाईंचा, हॉर्न दुधाच्या ट्रकचा, हेडलाइट फादरांचा. पुसायचं फडकं आर्तेमियोंचं. माझी म्हणाल तर चेसिस आहे."

"अहो, किती बोलता," रुबिएला पुटपुटली.

यामिलेबाई उठल्या. "मास्तर, नियमात टायरची खोली विचारलीय. मालकाचं नाव नाही विचारलेलं. खोली बरोबर आहे. पण परत गेल्यावर तो काढून पुन्हा गुळगुळीत टायर लावाल, आणि वळणावर घसराल, तेव्हा मला वाईट वाटेल. एवढंच." त्या आतल्या खोलीत गेल्या आणि छपाईचं यंत्र घरघरू लागलं.

मास्तरांना वाटलं, पास झालो. लाज वाटली, पण पास झालो. रुबिएला मूर्ती घेऊन मागच्या सीटवर चढून बसली. यामिलेबाई हातात अर्धा निघालेला कागद घेऊन दारात आल्या आणि थबकल्या.

"ताई, तुम्ही डावा पाय असा काय धरलाय?"

"कसा?"

"हवेत."

मास्तरांनी वळून पाहिलं. रुबिएलाचा उजवा पाय फूटरेस्टवर होता. डावा गुडघ्यात वाकवून, किंचित पुढे, कशावरही न टेकता अधांतरी होता. इतका सहज, जणू हवेत तिथे एक पायरी आहे. खाली, जिथे फूटरेस्ट असायला हवं, तिथे नुसता बोल्टचा गंजका खुंट होता. मागच्या खेपेच्या तपासनीसाने गाडी उजव्या बाजूनेच पाहिली असावी.

"मागचं डावं फूटरेस्ट नाही," यामिलेबाई हळूच म्हणाल्या.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं. "रुबिएला, कधीपासून?"

"असेल. सान्ता रिताहून येताना पडलं."

"सान्ता रिताला आपण सहा वर्षांपूर्वी गेलो होतो."

"मग तेव्हापासून."

मास्तरांनी पिशवीतून वही काढली. पान बरोबर सापडलं. सान्ता रिता ते घर. हवा ढगाळ. प्रवास उत्तम. कुणाचीही काही तक्रार नाही.

"बोलली का नाहीस?"

रुबिएलाने मूर्ती नीट धरली. "तुम्ही वही लिहीत होतात."

छपाईचं यंत्र केव्हाच थांबलं होतं. यामिलेबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं; बाराला पस्तीस मिनिटं होती. "मास्तर, एक उपाय आहे. मागची सीट काढून टाका. चार बोल्ट आहेत. मग ही एका माणसाची गाडी होते आणि एका माणसाच्या गाडीला मागचं फूटरेस्ट लागत नाही. मी आत्ता दाखला देते."

"काढा," रुबिएला लगेच म्हणाली. "गाडी पास होऊ दे. मी बसने जाईन. उद्या मूर्ती आर्तेमियोच्या मोटारीत नेऊ, त्यात काय मोठंसं?"

पाना समोरच ठेवलेला होता. मास्तरांनी तो उचलला. त्यांच्या आयुष्यातले सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतले होते : बदल्या खात्याने, निवृत्ती सरकारने, लग्न रुबिएलाने. त्यांनी पाना पुन्हा होता तिथे ठेवला, अगदी सरळ रेषेत.

"नाही," ते म्हणाले. ते इतक्या मोठ्याने म्हणाले की फाटकावरचा पहारेकरी वळला. मग त्यांनाच कानकोंडं झालं आणि ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ही दोन माणसांची गाडी आहे. तुम्ही नापास लिहा."

यामिलेबाईंनी नापास लिहिलं. लिहून झाल्यावर शिक्का मारायच्या आधी त्यांनी कागदावर फुंकर घातली. तशी गरज नव्हती.

"आणि ताईंना मागे बसवून नेऊ नका. कायदा म्हणून सांगते."

म्हणून रुबिएला मूर्तीसकट बसने वर गेली आणि मास्तर एकटे. मागे वजन नसल्यामुळे गाडी सगळा चढ जराही न कुरकुरता चढली. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. इतका भकास प्रवासही झाला नव्हता.

* * *

संध्याकाळी गल्लीतले लोक आपापले भाग परत न्यायला आले, कारण सकाळी मिरवणुकीत त्यांनाही हॉर्न आणि दिवे हवे होते. मास्तर दारात उभं राहून एकेकाचे आभार मानत होते आणि एकेक भाग निघून जात होता. सगळं गेल्यावर त्यांनी विल्मारला थांबवलं.

"एक फूटरेस्ट करून दे. मागचं डावं. आत्ता."

"गाडीला ना टायर, ना दिवा. आणि फूटरेस्ट?"

"आत्ता," मास्तर म्हणाले. विल्मारने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, जुना गुळगुळीत टायर परत चढवला आणि कॉफी सोलायच्या मोडक्या यंत्राचा दांडा कापायला घेतला.

सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता आर्तेमियोंची राखाडी मोटार मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली, फुग्यांसकट. आर्तेमियोंनी स्वतः उतरून मागचं दार उघडलं. मास्तर पांढरा सदरा घालून ओसरीवर उभे होते. रुबिएला मूर्ती घेऊन बाहेर आली. ती मोटारीत वाकली, चामड्याची सीट दाबून पाहिली, म्हणाली, "छान मऊ आहे हो," आणि तिथून सरळ भिंतीशी उभ्या असलेल्या मोटरसायकलीकडे जाऊन मागच्या सीटवर चढून बसली.

"वहिनी, तिला दाखला नाही," आर्तेमियो म्हणाले.

"चालवायला दाखला लागतो. ढकलायला लागतो का?"

कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी हँडल धरलं. आर्तेमियो क्षणभर आपल्या मोटारीकडे बघत राहिले, मग त्यांनी किल्ली खिशात टाकली, बाह्या सरसावल्या आणि मागून हात लावला. विल्मारही आला. चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवला.

"दाखला?"

"इंजिन बंद आहे," मास्तर म्हणाले.

पोलिसाने इंजिनाला हात लावून पाहिला. थंड होतं. त्याने रुबिएलाकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, मागे साचलेल्या ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं.

"म्हणजे ही पालखी आहे," तो म्हणाला, "जा."

चर्चचा चढ सुरू झाला. मास्तर गाडीच्या डाव्या अंगाने हँडल धरून चालत होते. इतकी वर्षं त्यांनी रुबिएलाला पाठीला पाठ असल्यासारखंच नेलं होतं. तिचा आवाज तेवढा मागून येई. आता ती शेजारी होती, थोडी वर. तिचा डावा पाय नव्या दांड्याच्या बोटभर वर तरंगत होता.

"पाय टेक," मास्तर म्हणाले.

"टेकलाय की."

"टेकलेला नाही. खाली आहे बघ."

रुबिएलाने पाय हळूच खाली सोडला, बुटाच्या टाचेने दांडा चाचपला, उचलला, पुन्हा टेकवला. मग सगळा भार दिला. दांड्याने धरलं.

"उंच झालाय जरासा," ती म्हणाली. "गुडघा वर येतो."

एरवी गाडीबद्दल असं कुणी बोललं असतं तर मास्तर दोन दिवस जेवले नसते. त्यांनी घाम पुसला. "अजून?"

"अजून काय?"

"अजून काय काय आहे, ते सांग."

"आत्ता? देवीसमोर?"

"चढ लांब आहे."

रुबिएलाने थोडा विचार केला. "सीटचा मधला खिळा टोचतो," ती म्हणाली. "पाऊस आला की तुमच्या टोपीचं पाणी माझ्या मानेत जातं. आणि तुम्ही दरी बघायला मान वळवता ना, तेव्हा गाडीही तिकडेच वळते."

"वळते?"

"दरवेळी. मी डोळे मिटून घेते."

मागून ढकलणारे आर्तेमियो फिसकन हसले. मास्तर मान हलवत, धापा टाकत ऐकत राहिले. वरून चर्चच्या घंटा वाजू लागल्या, मागचे ट्रक हॉर्न देऊ लागले, म्हणून रुबिएलाने खाली वाकून आवाज चढवला. चढ संपला तेव्हा तिची यादी नुकती आरशापर्यंत आली होती.